अकरा चिठ्ठ्यांचं मशीन

माझ्या वहिनीला अख्खा बाजार पिस्तूलवाली म्हणायचा. हार्डवेअरच्या दुकानात किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवायचं पिस्तुलासारखं यंत्र कायम तिच्या हातात असे. त्या वर्षी पैशाची किंमत अशी घसरली, की सरकार रोज दुपारी बाराला चलनाचा नवा दर जाहीर करी आणि लगेच वहिनी दुकानभर नव्या किमती लावत सुटे. पैसे गल्ल्यावर पडतील तेव्हा वस्तूवर जी चिठ्ठी, तीच किंमत, असा मालकांचा नियम.

दादा वेल्डर. त्याचा कारखाना बंद पडला होता आणि त्या दिवशी बँकेतून त्याचे सगळे पैसे मिळणार होते. त्यात सकाळच्या किमतीने वेल्डिंगचं मशीन येत होतं. बारानंतर वेल्डिंगचा नुसता काळा चष्मा आला असता. मशीन मिळालं नाही तर आमचं घर वहिनीच्या पगारावर, आणि तो आठवडाभरसुद्धा पुरत नव्हता.

बारा वाजले तरी दादाचा पत्ता नाही. मी दुकानाच्या दारात नुसती नाचत होते. आणि आमच्या वहिनीबाई काय करत होत्या? खिळ्यांच्या पुड्यापासून सुरुवात करून प्रत्येक जुनी चिठ्ठी नखाने खरवडून काढत होत्या!

"अहो बाई, रोज लावता तशी वरूनच लावा ना!" मालक ओरडले.

वहिनीने भिंतीकडे बोट दाखवलं. मालकांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'नवी चिठ्ठी लावण्याआधी जुनी काढावी.' मला हसू आवरेना.

शेवटी ती मशीनपाशी पोचली. त्यावर दर रोज बदलू लागल्यापासूनच्या, एकावर एक अकरा चिठ्ठ्या. एकेक निघत गेली तशी किंमत खाली खाली येत गेली. तळाला वर्षाच्या सुरुवातीची किंमत निघाली, म्हणजे दादाचा तेव्हाचा एका महिन्याचा पगार. तेवढ्यात दादा आला! घामाने निथळत, तुटलेली चप्पल हातात. त्याने पैशांची पिशवी धाडकन गल्ल्यावर टाकली.

मी चिठ्ठीकडे बघितलं. मालकांच्या नियमाने मशीन मूठभर नोटांत आमचं होतं! मी तोंड उघडणार, तोच वहिनी म्हणाली, "मालक, सकाळची किंमत घ्या. बाराची नको, आणि ही पण नको."

"नियम तर तुमच्या बाजूने आहे," मालक चाचरत म्हणाले.

"नियमाने मला वेळ मिळाला. तेवढं पुरे."

पिशवी रिकामी झाली, मशीन हातगाडीवर चढलं. दादा वाटभर वेड्यासारखा हसत होता. मी मात्र फुगले होते. वर्षभराचा किराणा हातचा गेला होता, राग येणार नाही तर काय!

आज मशीन ठिणग्यांनी काळं पडलंय, पण तळाची ती चिठ्ठी अजून तशीच आहे. दादा कुणालाही भाव सांगताना तिच्यावर एकदा बोट फिरवतो. सकाळी सांगितलेला भाव तो दुपारी बदलत नाही, मग तुम्ही कितीही उशिरा धावत या.