टर्बोचं तेल आणि आमची मोरी

जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात जुन्या डिझेल मोटारीला टर्बो बसवणारा पहिला मिस्तरी मीच. आणि त्याच टर्बोतून निळा धूर काढून चोपड्याचा अख्खा आठवडी बाजार खोकत ठेवणारा पहिला माणूसही मीच.

शाळेचं विचाराल तर शाळेत मी गेलोय, पण कौलं बदलायला. सुरुवातीला असोद्याच्या केळीच्या मळ्यांत पाइप जोडायचो. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करता करता रस्त्यावरच्या मोटारींना हात घालायला लागलो, आणि नव्वद साल उलटल्यावर जळगावच्या बाहेर चार पत्रे ठोकून गॅरेज काढलं. पत्र्यावर 'मिस्तरी' असं मी स्वतः रंगवलं. त्यातही एक अक्षर उलटं पडलं. पण गिऱ्हाईक गाडी बघायला यायचं, अक्षर बघायला नाही.

तिथं एक दिवस नाना आले. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. गुडघा गेलेला, त्यामुळे शेती सुटलेली. होती ती एक जुनी लांबलचक मोटार, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं घातलेली. बाजाराच्या दिवशी पायथ्याच्या गावांतली माणसं सकाळी चोपड्याला आणायची, संध्याकाळी परत सोडायची. सहा माणसांच्या गाडीत नाना किती बसवायचे ते मोजायच्या भानगडीत कुणी पडत नव्हतं. ज्याचा पाय आत, तो बसला.

परतीच्या वाटेवर एक नाला, आणि नाल्यापलीकडे उभा चढ. भरलेली गाडी तो चढ चढायची नाही. मग नाल्याशी गाडी थांबली की माणसं आपोआप उतरायची. नानांना तोंड उघडावं लागायचं नाही. बाया बोचकी डोक्यावर घेऊन चालू लागायच्या, बाप्ये मागून गाडी ढकलायचे, आणि वर गेल्यावर सगळे पुन्हा आपापल्या जागी बसायचे. वर्षानुवर्षं हा रिवाज. पण आता त्या रस्त्यावर एक नवी जीप आली होती, ती भरल्या पोटी चढ चढायची. नानांची माणसं चांगली, ती नानांनाच धरून होती. पण डोक्यावर मिठाचं बोचकं घेऊन तो चढ किती दिवस चढायचा?

नाना म्हणाले, "भाऊ, काहीतरी कर. नहीं ते गाडी धुळाले मोडमा टाकी देसू, आन बससू घरमा." म्हणजे धुळ्याला मोडीत घालतो आणि घरी बसतो. हे सांगताना नाना गाडीच्या पत्र्यावर हात फिरवत होते, बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा. मला नाही कसं म्हणवणार? आणि खरं सांगतो, मला नाही म्हणायला येतच नव्हतं. अंगात ज्ञान नसलं की हिंमत फार असते.

हायवेच्या ट्रकांना टर्बो असतो हे मी पाहिलं होतं. धुळ्याला हायवेच्या कडेला मोडीचा बाजार. तिथं टायरांच्या ढिगावर बसलेल्या एका जाडजूड शेटजीकडून ठोकलेल्या गाडीचा एक छोटा टर्बो आणला. दिसायला थेट गोगलगाय. आत एका दांडीवर दोन पंखे. इंजिनचा धूर एक पंखा फिरवतो, दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त, ताकद जास्त. पण दांडी फिरते भयंकर, म्हणून तिला सारखं तेल लागतं. बारीक नळीतून तेल जोरानं वर येतं, दांडीला न्हाऊ घालतं आणि जाड नळीनं खाली चेंबरमध्ये पडतं. चेंबर म्हणजे इंजिनच्या बुडाशी असलेलं तेलाचं भांडं.

तेल वर नेणारी नळी मी बरोबर बसवली. घोटाळा केला तो परतीच्या नळीत. कारण तिथं माझं जुनं शिक्षण आडवं आलं, केळीच्या मळ्यातलं. बैलगाडीचा रस्ता आडवा आला की पाइप खाली घालायचा, रस्त्याखालून न्यायचा, पलीकडे वर काढायचा. पाणी येतंच, कारण विहिरीवरची मोटार मागून ढकलत असते. तेच मी इथं केलं. नळी खाली सोडली, इंजिनच्या पायाखालून छान पोट देऊन नेली, पलीकडे थोडी वर घेतली आणि चेंबरच्या तळाशी एक बोल्टाचं भोक आयतंच होतं तिथं जोडली. नवं भोक पाडायची कटकट वाचली. वर चकचकीत क्लिपा मारल्या. नाना वाकून म्हणाले, "दागिना शे रे दागिना!" मी लाजलो सुद्धा.

जाता जाता आणखी एक हुशारी केली. जुन्या इंजिनला श्वास सोडायची एक नळी असते, तिच्यातून तेल टिपकायचं आणि नानांचं अंगण खराब व्हायचं. मी त्यात चिंधी कोंबून तारेनं बांधून टाकली. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. आता वाटतं, बरं झालं घेतले नाहीत.

पहिल्या दिवशी गाडी अशी पळाली की नाना नवरदेवासारखे हसत होते. बाजारात जाऊन उभी राहिली, इंजिन चालूच, आणि मागून निळा धूर सुरू झाला. साधा नाही, डोळे चोळायला लावणारा. भजीवाल्यानं कढई झाकली. मिरचीवाली म्हणाली, "मन्ही मिरचीना ठसका बरा." तेल मोजायची पट्टी काढली तर तेल अर्धं गायब. ते सगळं टर्बोच्या दांडीवरून पाझरून धुराच्या नळीत उतरत होतं आणि जळत होतं.

मी तडक धुळ्याला. शेटजीशी भांडलो, "सडका माल दिला!" शेटजी टायरांवरून उठलाही नाही. दुसरा टर्बो माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "हा घेऊन जा. पण हाही धुरावला तर माल घेऊन येऊ नको, आरसा घेऊन ये."

दुसरा बसवला. तोच धूर, तोच रंग. दोन टर्बो, एकच दुखणं. मग बिघडलेलं उरलं कोण? गॅरेजात मी एकटाच होतो.

नाना ओरडले नाहीत. नुसते एवढंच म्हणाले, "येता बाजार पाहू. मंग धुळं." ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी मी जेवलो नाही असं लिहिणार होतो, पण आमच्या घरी भरीत होतं.

जेवून हात धुवायला मोरीत गेलो, तर घोटाभर पाणी तुंबलेलं. ही मोरी मीच बांधली होती. पाइपवाला माणूस, दुसऱ्याच्या हातून कसं करून घेणार? नळी मस्त लपवून, उंबऱ्याखालून पोट देऊन मागच्या शोषखड्ड्याच्या तळाशी काढली होती. दिसत नव्हती कुठंच. पाणीही जात नव्हतं कुठंच. माझी बायको धरणगावची, तोंडानं सरळ. लग्न होऊन आली तेव्हापासून त्या मोरीवर बोलत होती. त्या दिवशी मात्र ती डबडं घेऊन मागच्या दारी गेली आणि खड्ड्यातलं पाणी उपसायला लागली. इकडं मी तुंबलेल्या पाण्यात उभा. खड्ड्यातलं पाणी नळीच्या तोंडाखाली गेलं, आणि मोरीनं एकदम गुडगुड केलं, सगळं पाणी सुर्रकन गेलं. माझ्या पायाला गार हवा लागली.

बाहेरून ती म्हणाली, "खड्डा भरेल राहिना ते पाणी जाई कोठे? तुमना डोकामा?"

मी तसाच ओल्या पायानं गॅरेजात पळालो. मळ्यात पाण्यामागं मोटार असते. टर्बोतून बाहेर पडलेल्या तेलामागं कुणीच नसतं. दांडीला न्हाऊ घालून ते दमलेलं असतं, नुसतं आपल्या वजनानं खाली पडतं. त्याला मी आधी खाली उतरवून वर चढायला सांगत होतो, आणि वर तोंड कुठं, तर भरलेल्या तेलाच्या आत बुडवलेलं. बिचारं जाणार कुठं? दांडीवरून धुरात.

चेंबर खाली काढलं. तळाचं भोक बुजवलं. तेलाची पातळी असते तिच्या बरंच वर नवं भोक पाडलं आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून जाड नळीचा तुकडा जोडून घेतला. टर्बो फार खाली बसला होता, तो वीतभर वर उचलला. मग नळी सरळ खाली, ना पोट, ना वळण. दिसायला अगदी ओबडधोबड, दागिना वगैरे काही नाही. गाडी चालू केली. धूर कमी झाला, पण गेला नाही.

मी बाकड्यावर बसलो. नाना आले होते. गेला आठवडाभर त्यांना चालू गाडीतच तेल ओतायची सवय लागली होती. त्यांनी डबा उचलला, इंजिनवरचं तेलाचं झाकण उघडलं, आणि झाकणातून फूस करून वाफ त्यांच्या तोंडावर आली. नाना मागं सरकले आणि गाडीच्या शेपटीकडं बघून म्हणाले, "आरे, धूर बंद व्हयना!" खरंच, धूर थांबला होता. झाकण लावलं, थोड्या वेळानं धूर चालू. काढलं, बंद.

तेव्हा मला माझी चिंधी आठवली. इंजिन जुनं, झिजलेलं, आतली हवा खाली चेंबरमध्ये उतरायची. तिची बाहेर पडायची वाट मी हुशारीनं बांधून टाकलेली. मग ती हवा तेलाच्या परतीच्या नळीतून वर घुसायची आणि उतरत्या तेलाला अडवून धरायची. चिंधी उपसून काढली. काळी, तेलानं निथळणारी. नानांनी ती चिमटीत धरली, माझ्याकडं बघितलं आणि गपचूप माझ्या खांद्यावर टाकली. श्वासाच्या त्या जागी मी चांगली जाड नळी लावली, लांब खाली सोडली. धूर गेला तो गेलाच.

पुढच्या बाजारी मीही नानांसोबत गेलो. संध्याकाळी गाडी भरली. नाला आला, नानांनी वेग थोडा कमी केला मात्र, गाडी पुरती थांबायच्या आत माणसं सवयीनं भराभर उतरली. डिंक विकायला येणारी एक म्हातारी मावशी तर बोचकं डोक्यावर घेऊन चालायलाही लागली. नाना खिडकीतून ओरडत होते, "आरे बसा! बठ्ठा बसा!" कुणाचा विश्वास नाही. मावशी म्हणाली, "गाडी चढू दे पहिले, मंग बससू." शेवटी नानांनी हाताला धरून एकेकाला आत बसवलं. गाडी चढाला लागली. मावशीनं पुढची सीट घट्ट धरलेली, जणू तीच गाडी वर ओढत होती. वर पोचल्यावर नानांनी गाडी थांबवली, खाली उतरून मागं जाऊन बघितलं. धूर नाही. परत येऊन बसले आणि माझ्या मांडीवर एक थाप मारली. ती थाप अजून माझ्या मांडीवर आहे.

ती गाडी मोडीत गेली नाही. नाना बाजार करत राहिले. आणि मला जे काही येतं, ते मला दिलं कुणी? चिंधी खांद्यावर टाकून गप्प राहणाऱ्या नानांनी, टायरावरून न उठणाऱ्या शेटजीनं, आणि डबड्यानं खड्डा उपसणाऱ्या बाईनं. या लोकांनी मला हाकलून दिलं असतं तर चुकलं नसतं. दिलं नाही, हे त्यांचे उपकार.

त्या बाजारच्या दिवशी घरी येऊन मी छाती पुढं काढून सगळं सांगितलं. गाडी कशी चढली, तेल कसं सरळ उतरतं, हात करून करून दाखवलं. बायको मोरीत भांडी घासत बसली होती, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. तिनं मान वर न करता म्हटलं,

"लोकेसना गाडीनं तेल उतरी गयं. आते मन्ही मोरीनं पाणी कव्हय उतरी?"