उस्तादांच्या तासाला लागलेली झोप

पडदा वर जातो तेव्हा शिंप्याच्या दुकानामागची खोली दिसते. काज-बटणं करणाऱ्या ऐंशीच्या मावशी सुईत दोरा ओवतायत आणि समोर त्यांच्याकडे शिकायला आलेले पिकल्या दाढीचे मास्तर वही उघडून बसलेत. पैगंबरांच्या चरित्रातल्या हकिकती मावशींनी लहानपणी उस्तादांकडून ऐकल्या, उस्तादांनी त्यांच्या उस्तादांकडून. कानांनी ऐकलं तेवढंच पुढे द्यायचं, ही रीत. आता मास्तरांना त्या हकिकती पुढे सांगायची परवानगी मावशींच्या सहीनं मिळायची होती.

मदिनेच्या रक्षणासाठी खंदक खणल्याची हकिकत आली आणि मावशी थांबल्या. "हे मी ऐकलेलं नाही. त्या दुपारी मला झोप लागली."

"पण तुम्हाला तोंडपाठ आहे की."

"पुस्तकातून."

"सत्तर वर्षं झाली, मावशी. कोणाला कळणार?"

मावशींनी भिंतीकडे पाहिलं. पलीकडे जाऊबाई राहायच्या, त्याच वर्गातल्या. उस्तादांची खरी शिष्या कोण, यावरून दोघींचा वीस वर्षं अबोला. मावशींनी एक बटण लावलं, मग दुसरं, आणि दोरा दातांनी तोडला.

"लिहा, एवढा भाग जाऊबाईंकडून घ्यावा. ती जागी होती, मला चिमटे काढत होती. आणि तिला म्हणावं, जरा जोरात काढायचे होतेस."