पखवाजाची डिकी

ती लाल बुटकी गाडी डोक्यातून गेली असती तर बरं झालं असतं. नोकरीतले मोठमोठे गुन्हे विसरलो, ही मात्र जात नाही. नावं कुणाचीच देत नाही. त्या घराची जेवढी बदनामी व्हायची तेवढी होऊन गेली आहे आणि तिला आम्हीही हातभार लावला आहे.

मी तेव्हा मध्य मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. दुपारी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, लाल स्पोर्ट्स कार. घरी बनवलेली, दोनच सीट. मागे डिकी आहे, तिच्या तळाखाली पावडर आहे. आज शिवडीतून निघणार." खबऱ्याला गाडी ठाऊक होती, माणूस ठाऊक नव्हता.

नाकाबंदीत गाडी आयतीच सापडली. तशी गाडी मुंबईत दुसरी नव्हतीच, पोरं पाठीमागे धावत तिचे फोटो काढत होती. चालवणारा चाळिशीचा, लालबागच्या चाळीत राहणारा. देखाव्यांच्या कारखान्यात फायबरचं काम करायचा. मोडीत निघालेल्या गाडीचा सांगाडा घेऊन, मालकाच्या शिवडीतल्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी खपून त्याने ती उभी केली होती. पंचांसमक्ष डिकीचा तळ उचकटला. खाली एमडी ड्रगच्या पुड्या ओळीने लावलेल्या. माल इतका होता की जामिनाची आशा नाही, आणि गुन्हा शाबीत झाला तर दहा वर्षांच्या आत सुटका नाही.

चौकशीला बसवला. "गाडी कुणी बनवली?"

"मी, साहेब. एक स्क्रूसुद्धा दुसऱ्याच्या हातचा नाय."

"आणि हा खालचा चोरकप्पा?"

त्याने वाकून उचकटलेल्या तळाची कड पाहिली. "तो पण मीच."

"माल कुणाचा?"

"माझ्या गाडीत सापडला ना, साहेब." कुठे निघाला होतास, तर म्हणे चक्कर मारायला. माझ्या अनुभवात पकडलेला माणूस आधी हात झटकतो. गाडी मित्राची, पिशवी कुणीतरी ठेवलेली, मला काहीच माहीत नाही. हा मात्र सगळं आपल्या अंगावर ओढून घेत होता आणि मला त्याचाच राग येत होता. खोटं बोलणाऱ्याची सवय असते आम्हाला, पण उलट्या बाजूने खोटं बोलणारा डोकं उठवतो.

शेवटी विचारलं, डिकी मुळात कशासाठी केलीस? तेव्हा पहिल्यांदा तो नीट बोलला. वडील गिरणीत होते, चाळीच्या भजनात पखवाज वाजवायचे. चतुर्थीला गावी जाताना पखवाज एसटीच्या टपावर बांधावा लागे आणि म्हातारा वाटभर छताकडे बघत राही. वडील गेले, पण त्यांच्या पखवाजाच्या मापाने त्याने ही डिकी केली होती. आतून मऊ कापड लावलं होतं.

मी हवालदाराला घरी पाठवून पखवाज मागवला आणि तळ होता तसा बसवून पंचांसमोर तो आत ठेवला. पखवाज चार बोटं वर राहिला. झाकण लागेना.

"माप चुकलं माझं," तो खाली बघत म्हणाला.

अख्खी गाडी हाताने घडवणारा माणूस बापाच्या पखवाजाचं माप चुकतो, यावर माझा विश्वास बसला नाही. मूळ तळाच्या वर हा दुसरा तळ नंतर कुणीतरी बसवला होता, आणि कुणी ते याला ठाऊक होतं.

त्याचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात, त्याच्याच हाताखाली काम शिकलेला. रोज दादासाठी डबा घेऊन ठाण्यात यायचा, ठाणे अंमलदारासमोर डोळे पुसायचा. मी थोरल्याला शेजारच्या खोलीत बसवलं, मधलं दार उघडंच ठेवलं आणि धाकट्याला बोलावलं.

"हा वरचा तळ कुणी बसवला?"

"दादा काय बोलला?"

"मीच बसवला म्हणतो."

त्याने श्वास सोडला. मी तो ऐकला. "मग त्यानेच बसवला असेल. माझा काय संबंध, साहेब? त्याचं डोकं आधीपासूनच फिरलेलं. गाडी गाडी करत लग्न पण नाय केलं त्याने."

धाकट्याला बसवून ठेवून मी शेजारच्या खोलीत गेलो. थोरला भिंतीकडे तोंड करून उभा होता. पाणी मागितलं, प्यायला नाही.

"साहेब, तो तळ पलटी करून बघा. आपल्या मंडळाच्या विसर्जनाचा गुलाल मी वर्षभर ठेवतो. कुठलं पण काम असू दे, फायबरवर लावायच्या पहिल्या थराच्या रेझिनमध्ये चिमूटभर टाकतो. अख्खी गाडी आतून गुलाबी आहे. हा तळ पांढरा असणार. तो हसायचा मला गुलालावरून. आणि कडा तो उघड्या बोटाने दाबतो. कितीदा ओरडलो, हातमोजे घाल म्हणून. ठसे राहिले असतील."

मग खालच्या आवाजात म्हणाला, "शिवडीतून गाडी काढून माझ्या एका मित्राला दाखवून ये, असं त्यानेच सांगितलेलं."

तळ पांढरा निघाला. सुकलेल्या रेझिनमध्ये धाकट्याच्या बोटांचे ठसे इतके स्वच्छ होते की तज्ज्ञाला फारसे कष्ट पडले नाहीत. त्याच्या फोनवरून माल घेणारे पुढचे दोघे सापडले, तिघेही आत गेले. वरिष्ठांनी शाबासकी दिली. थोरल्याचा फोटो पहिल्या पानावर छापणाऱ्यांना तो निर्दोष सुटल्याची चार ओळींची बातमी द्यावीशी वाटली नाही. कारखान्याच्या मालकाने त्याला, काही दिवस येऊ नकोस, असं सांगितलं. ते काही दिवस कधी संपले नाहीत.

कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांची आई भेटली. थोरला पलीकडच्या बाकावर होता, तिने तिकडे पाहिलंही नाही. "तो थोरलो," ती मला मालवणीत म्हणाली. "तेना गप रवाक होया होता, भावाचा नाव घेवक नको होता. आता माका दोघांपैकी एकय गावलो नाय."

नव्या अधिकाऱ्यांना मी शिकवत असे की सत्य बाहेर आलं की निरपराध माणूस सुटतो. या केसनंतर ते वाक्य मी टाकून दिलं. केस सुटते, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात पडून राहिली. कावळ्यांनी घाण केली, हवालदारांनी तिच्यावर टॉवेल वाळत घातले. पंचनाम्यात आल्यामुळे पखवाजही मुद्देमालात जमा होता. माझ्या निवृत्तीच्या जरा आधी दोन्ही परत देण्याचा कोर्टाचा हुकूम आला आणि थोरला ताबा घ्यायला आला. गाडीभोवती एक फेरी मारली. पखवाजाची शाई उडाली होती, वाद्या सैल पडल्या होत्या. वरचा तळ पुरावा म्हणून कोर्टात राहिला होता, त्यामुळे डिकी पुन्हा पहिल्यासारखी खोल झाली होती. त्याने पखवाज आत ठेवला. झाकण हलक्या हाताने लावलं. ते बरोबर बसलं.

"माप बरोबर होतं, साहेब," तो म्हणाला आणि फाटकाकडे चालू लागला.

हवालदाराने ताबा पावती हातात धरून मागून हाक मारली, "ओ, गाडी कधी नेणार? आणि तो पखवाज?"

तो वळला नाही.