दाराआडचं इंग्रजी

सोयराक्कांचं इंग्रजी अर्धं तोंडात आणि अर्धं हातात असायचं. "पुट," म्हणायच्या आणि बोट खोक्याकडे. "गिव्ह," म्हणायच्या आणि मान दुसऱ्या पोराकडे. काय, कुणाला, कशात, कशावर, हे सगळं हातवाऱ्यांवर सोडलेलं. मुलांना बरोब्बर कळायचं. आमच्या अंजली मॅडमना मात्र ते चालायचं नाही.

आमचं पाळणाघर कोरमंगलात, एका भाड्याच्या घराच्या तळमजल्यावर. सोयराक्का मुलं सांभाळतात, मी स्वयंपाकघर. दोघींची घराणी पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलीच, त्यामुळे मराठी घरात, कन्नड रस्त्यावर आणि इंग्रजी दुकानांच्या पाट्यांवर, अशी आमची वाटणी. मॅडमचा नियम असा की मुलांशी इंग्रजीतच बोलायचं, तेही पूर्ण वाक्यात. आई नागपूरची, बाप तमिळ आणि पोर इंग्रजी, असली घरं इथे ढिगानं आहेत, त्यांना तेच हवं असतं.

दुपारी मुलं झोपली की सोयराक्का माझ्याकडे येऊन वाक्यं घोकायच्या. बसून घोकलं की सगळा काला. 'गिव्ह टू इट हर' काय, 'पुट ऑन मी द शेल्फ' काय. मला हसू आवरायचं नाही.

"हसतीस काय गं, तू तरी काय दिवे लावलेस?" त्या म्हणायच्या. तेही खरंच होतं. पण डबा हातात घेऊन फळीवर ठेवता ठेवता मात्र 'आय पुट इट ऑन द शेल्फ' सुतासारखं सरळ यायचं.

"हात हलला की जीभ हलती बघ."

"मग जन्मभर डबे उचलत राहा," मी म्हटलं. माझी जीभ तशी तिखटच आहे.

आज हे हसत सांगता येतंय, हेच नशीब. गेल्या महिन्यात आर्या मागच्या बाथरूममध्ये शिरली आणि आतून कडी लावून बसली. मागे आम्हा बायकांसाठी शेजारी शेजारी दोन बाथरूम आहेत. खेळता खेळता लावलेली कडी तिला काढता येईना. आर्या चार वर्षांची, इंग्रजीखेरीज तिला काही कळत नाही, आणि रडून रडून तिचा श्वास अडकतो. एकदा आमच्या डोळ्यांदेखत निळी पडली होती. त्यामुळे आतून पहिला हुंदका ऐकला तशी मी हातातलं काम टाकून धावले.

मॅडम इंदिरानगरला गेलेल्या. सुताराला फोन केला, तर येतो म्हणाला, "बर्तीनि अक्का, स्वल्प ट्रॅफिक." इथला स्वल्प ट्रॅफिक म्हणजे तासाची निश्चिंती.

सोयराक्का दाराला तोंड लावून म्हणाल्या, "आर्या, पुल." आणि हवेत हात ओढून दाखवला.

"पुल व्हॉट?" आतून रडका आवाज आला.

सोयराक्कांनी पुन्हा हवेतच हात ओढला. माझं इंग्रजी उपम्यापुरतं, मी काय मदत करणार? त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा डोळे भरलेले. "माझा हात दिसत नाही गं तिला," म्हणाल्या. आतलं रडणं आता तुटक तुटक व्हायला लागलं होतं.

तेवढ्यात सोयराक्का शेजारच्या बाथरूममध्ये शिरल्या, दार लोटलं आणि आतून कडी घातली. मला वाटलं, रडायला गेल्या. असा राग आला म्हणून सांगू. "अहो, ही काय रडत बसायची वेळ आहे?" मी ओरडले.

पण मधल्या भिंतीच्या झरोक्यातून त्यांचा आवाज पलीकडे गेला.

"आर्या, आय ॲम इन. यू आर इन. सेम सेम."

रडणं थबकलं.

"आय होल्ड इट." त्यांची कडी खडखडली. मग इकडचीही खडखडली.

"आय लिफ्ट इट अप."

"आय लिफ्ट इट अप," आर्या म्हणाली.

"आय पुल इट टू माय बकेट."

दोन्हीकडे बादल्या दाराच्या एकाच बाजूला असतात. हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"इट इज नॉट कमिंग, अक्का."

"पुल इट विथ टू हँड्स. स्लो."

कडी चरचरली, अडली, पुन्हा चरचरली आणि दार उघडलं. मी पोरीला उचलून छातीशी धरलं. अंग घामानं भिजलेलं, पण श्वास व्यवस्थित चालला होता. मी तिला घेऊन तिथेच जमिनीवर बसले.

"आली हो बाहेर," मी हाक मारली.

शेजारच्या दाराआडून सोयराक्का हमसून हमसून रडायला लागल्या. इतका वेळ कसं धरून ठेवलं होतं, कोण जाणे.

"या की आता बाहेर," मी म्हटलं.

"कडी निघंना गं. हात थरथरायलेत माझे."

मी उठायच्या आत आर्या माझ्या मांडीवरून उतरली आणि त्या दाराला तोंड लावून उभी राहिली.

"डोन्ट क्राय, अक्का," ती म्हणाली. "होल्ड इट. लिफ्ट इट अप. पुल इट टू युअर बकेट. आय ॲम विथ यू."