मराठी आकड्यांचं पान

सोलापुरात चादरींच्या दुकानामागच्या खोलीत बसून, व्हिडिओ पाहत पाहत, रुक्साना ब्राउझरसाठी कोड लिहायला शिकली. नग लिहा, बटण दाबा, रक्कम समोर, असं एक पान तिने दुकानासाठी बनवलं. सासरे इलाहीबक्ष यांना पटलं, तरच ते गिऱ्हाइकांपुढे जाणार होतं.

अब्बांनी चष्मा सावरून मोबाइलवर '१२' लिहिलं. रकमेच्या जागी, हा आकडाच नाही अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं उमटली.

"बेटा, तुझं पान लई शिकलेलं हाय," अब्बा म्हणाले, "पण बाराला बारा म्हणत न्हाय की!"

तिचा नवरा शाकीर हसला. "अब्बा, इंग्रजी आकडे टाका ना."

"त्यांनी का टाकावेत?" रुक्साना म्हणाली. "आपली निम्मी गिऱ्हाइकं असंच लिहितात. शिकायचं तर पानानं शिकावं."

ब्राउझरला मराठी आकडे म्हणजे नुसती अक्षरं वाटतात. तिने कोडमध्ये प्रत्येक मराठी आकड्याला त्याचा इंग्रजी जोडीदार दिला आणि मगच किमतीशी गुणाकार करून उत्तर पुन्हा मराठी आकड्यांत दाखवायला सांगितलं.

अब्बांनी पुन्हा '१२' लिहिलं. या वेळी रक्कम आली, तीही मराठीत. अब्बा उठले आणि मोबाइल बाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात दिला.