ताकदीचं इंजेक्शन

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दुधाच्या बाटलीवरची तारीख मी दोनदा वाचते, आणि प्लंबर उद्या येतो म्हणाला की परवाची तयारी ठेवते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूबाईंनी मला ओळखलं होतं. ‘स्वभावाला औषध नाही’ असं त्या म्हणायच्या, आणि मुलगा डॉक्टर असल्यामुळे ते वाक्य म्हणताना त्यांना विशेष मजा यायची.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. कॉव्हेंट्रीला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. त्याआधीची चार वर्षं ऑस्ट्रेलियात गेली होती. तिथे आमचे हे आठवडाभर दवाखाना सांभाळायचे आणि शनिवारी एका फुटबॉल क्लबचे दुय्यम डॉक्टर म्हणून मैदानावर जायचे. तिथलं फुटबॉल म्हणजे आपलं फुटबॉल नव्हे. चेंडू अंड्यासारखा, मैदान क्रिकेटचं, आणि खेळणारे बिनबाह्यांचे बनियन घालून एकमेकांच्या खांद्यांवर चढतात. चार वर्षांत मला त्यातलं काही कळलं नाही. यांना मात्र खूळ लागलं होतं. सोमवारपासून शनिवारची वाट बघायचे. तसलं काही इंग्लंडमध्ये मिळेना म्हणून आल्या आल्या महिनाभर तोंड पाडून बसले होते.

एका सकाळी आमच्या तिकडच्या जुन्या शेजारणीची ईमेल आली. सोबत तिथल्या पेपरातल्या बातमीची लिंक होती. आम्ही तिथे असताना त्या क्लबने फिटनेस बघायला एक माणूस नेमला होता, त्याने खेळाडूंना बंदी असलेलं औषध टोचल्याचं उघडकीला आलं होतं. चौकशी बसली होती. त्या काळात क्लबकडे असलेल्या सगळ्या डॉक्टरांना विचारणा होणार, असं शेवटच्या ओळीत होतं.

हे टोस्टला लोणी लावत होते. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी बातमी वाचली, उरलेलं लोणी लावलं, टोस्ट खाल्ला आणि म्हणाले, “हं.”

आता मला सांगा, ज्याने काही केलेलं नाही तो माणूस नुसता ‘हं’ म्हणतो का? तो चिडतो, फोन फिरवतो, निदान टोस्ट तरी खाली ठेवतो. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथे.

मग फोन यायला लागले. ऑस्ट्रेलियातला फोन आला की हे कॉर्डलेस घेऊन मागच्या बागेत जायचे, बाहेर भुरभुर पाऊस असला तरी, घरातल्या सपाता घालून. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. कर नाही त्याला डर कशाला, हे लहानपणी शिकलेलं डोक्यात नुसतं वाजत राहायचं. एकदा हे कामावर गेले असताना मी लॉफ्टमध्ये चढून तिकडून आणलेले सगळे खोके उघडले. सह्या केलेला एक बनियन, लेकीच्या शाळेची चित्रं, एक मोडका टोस्टर. संशयास्पद काही सापडलं नाही, आणि काहीच कसं सापडत नाही याचाच मला संशय आला.

यांच्या हॉस्पिटलने एकदा बोलावून घेतलं. गोड बोलून सांगितलं, की सध्या काम चालू ठेवा, पण नवीन काही कळलं तर आम्हाला आधी कळवा. तिकडे दोषी ठरले तर इकडची नोंदणीही जाणार, हे न बोलता कळण्यासारखं होतं. नोंदणी गेली की डॉक्टरकी गेली. पंचेचाळिशीच्या माणसाला दुसरं काय येतं? यांना तर अंडंही धड उकडता येत नाही.

बातमी लपते थोडीच. गणपतीच्या वेळी आम्ही सगळे मराठी लोक एक हॉल भाड्याने घ्यायचो. मी बटाट्याची भाजी घेऊन किचनमध्ये शिरले आणि चार जणींचं बोलणं थांबलं. त्यातली एक, तीही डॉक्टरचीच बायको, माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, “तू टेन्शन घेऊ नकोस गं. आमचे हे म्हणत होते, स्पोर्ट्समध्ये हे सगळं चालतंच.” असलं सांत्वन ऐकण्यापेक्षा कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. परत येताना मागच्या सीटवरून आमची बारा वर्षांची लेक म्हणाली, “आई, बाबाने चीट केली का? मला स्कूलमध्ये एक मुलगी विचारला.” तिच्या मराठीतले लिंगाचे घोटाळे मी एरवी तिथल्या तिथे सुधारते. त्या दिवशी सुधारले नाहीत. गाडी हे चालवत होते. यांनी गिअर बदलला.

चौकशीच्या लोकांनी नोंदी मागवल्या तेव्हा क्लबने सांगितलं, की त्या वर्षांच्या औषधांच्या नोंदी गहाळ झाल्या आहेत. राहिल्या त्या यांच्या खिशातल्या डायऱ्या. यांना रोज दोन-चार ओळी लिहून ठेवायची सवय आहे आणि त्या मराठीतच. आम्ही बर्मिंगहॅमची एक वकील, म्हणजे सॉलिसिटर, गाठली होती; त्या सॉलिसिटरबाईंना आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली. अधिकृत भाषांतराला वेळ लागणार होता आणि मुदत सोमवारची. त्यांनी विचारलं, घरात कोणाला दोन्ही भाषा नीट येतात का? मी रविवारी मुलांना मराठी शिकवायची. कच्चं भाषांतर तुम्ही करा, पक्कं नंतर करून घेऊ, असं ठरलं.

शनिवारी सकाळी हे तीन डायऱ्या जेवणाच्या टेबलावर ठेवून म्हणाले, “जे लिहिलंय ते लिही. माझ्यासाठी काही गोड करू नकोस.”

मी बसले. सगळ्यात आधी अडले ती ‘उसण भरली’ला. उसणीला इंग्रजीत काय म्हणायचं? चमक वेगळी, लचक वेगळी, उसण वेगळी. मी खाली अर्ध्या पानाची टीप लिहिली, पाठीत उसण कशी भरते, माणूस कसा तिरका होतो, इथपर्यंत. ‘शेक’ या शब्दाला टीप दिली. ‘बाधलं’ला टीप दिली. शिक्षिकेचा पिंड, त्याला काय करणार.

मग जागोजागी ‘ता. इं. दिले’ यायला लागलं. ता. इं. म्हणजे ताकदीचं इंजेक्शन. हे आपल्याकडच्या कोणालाही सांगावं लागत नाही. टायफॉइडमधून उठलेल्याला, बारावीच्या परीक्षेआधी, बाळंतिणीला, आमचे घरचे डॉक्टर कमरेत लालसर रंगाचं इंजेक्शन टोचायचे. बी कॉम्प्लेक्स. जीवनसत्त्वं, दुसरं काही नाही. ते घेतल्याशिवाय पेशंटला डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटायचं नाही. हे तिकडे असताना हसून सांगायचे, की या सहा फुटी पोरांचंही तसंच आहे, टोचल्याशिवाय समाधान नाही. ते द्यायला बंदीही नव्हती.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. एका ओळीची टीप लिहायची होती.

पण त्याच्या दोनच पानं आधी मी एक नोंद वाचली होती. ‘आजही मागच्या खोलीत रांग. विचारलं, काय देतोस? म्हणाला, व्हिटॅमिन्स. मग ठीक.’ त्या फिटनेसवाल्याबद्दलची ती नोंद. ते ‘मग ठीक’ वाचून माझं डोकं फिरलं. एवढा शिकलेला माणूस, समोर रांग बघतो, एक प्रश्न विचारतो, आणि मग ठीक? आणि ते खरंच व्हिटॅमिन्स असतील असं यांना वाटलं असेल का, का वाटून घ्यायचं होतं? दोघांच्या तोंडी एकच शब्द. एकाची व्हिटॅमिन्स खोटी निघाली होती. मग दुसऱ्याची खरी कशावरून? केवळ तो माझा नवरा आहे म्हणून?

मी लिहिलं, ‘स्ट्रेंग्थ इंजेक्शन’. शब्दाला शब्द. खाली टीप दिली नाही.

रविवारी मी सगळं नीट उतरवून काढत होते तेव्हा हे सारखे टेबलाशी येत होते. एकदा चहा घेऊन आले, एकदा चष्मा शोधायला, एकदा उगीचच. दर वेळी विचारायचे, झालं का? मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. मला काय सापडेल याची भीती वाटतेय. सोमवारी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून मी पानं फॅक्स केली.

कच्चं भाषांतर कच्चं राहिलं नाही. मुदत पाळायच्या घाईत सॉलिसिटरबाईंच्या ऑफिसने तेच पुढे पाठवलं. दोन-तीन आठवड्यांत तिकडच्या पेपरात मथळा आला, डॉक्टर म्हणतो मी ताकदीची इंजेक्शनं दिली. यांचं नाव, खाली जुना फोटो. त्याच आठवड्यात हॉस्पिटलने यांना घरी बसवलं. निर्णय होईपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही.

मी घाबरून सॉलिसिटरबाईंना फोन केला आणि म्हटलं, एक टीप राहून गेली आहे. त्या म्हणाल्या, आता बायकोने टीप घातली तर मागाहून रचल्यासारखी दिसेल, जे सांगायचं ते डॉक्टरांना सुनावणीत सांगू दे. त्यांनी विचारलं, तेव्हा का नाही घातलीत? मी म्हटलं, घाईत राहिली. फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच किळस आली.

हे दोन महिने घरी होते. गवत कापायचे, कापलेलंच पुन्हा कापायचे. लेकीला शाळेत सोडायचे आणि गेटपासून लांब गाडी उभी करायचे. मला एका शब्दाने काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचाही मी दोन्ही बाजूंनी अर्थ लावत बसायची.

सुनावणी बर्मिंगहॅमला, सॉलिसिटरच्या ऑफिसात, टीव्हीच्या पडद्यावर झाली. तिकडे संध्याकाळ होती, इकडे सकाळचे सात. मला मागे खुर्ची दिली होती. पडद्यावर तीन माणसं. तासभर त्या मागच्या खोलीबद्दल विचारलं. यांनी काही लपवलं नाही. रांग बघितली, विचारलं, उत्तर मिळालं, पुढे खोदलं नाही, असं सरळ सांगितलं. मग मधल्या गृहस्थांनी माझा कागद उचलला. हा शब्द तुमच्याकडे सगळ्यांना कळतो म्हणता, तर भाषांतर करणाऱ्याला तो समजावून सांगावासा का वाटला नाही? बाकीच्या शब्दांना तर पानभर टिपा आहेत.

भाषांतर कोणी केलं ते कागदावर होतंच. यांनी एवढंच म्हणायचं होतं, की माझ्या बायकोची चूक आहे, ती मागेच बसली आहे, तिला विचारा.

हे म्हणाले, शब्द माझा आहे. मी डॉक्टर आहे, मी औषधाचं नाव लिहायला हवं होतं. भाषांतर करणाऱ्याने मी लिहिलं तेच लिहिलं. मग त्यांनी बी कॉम्प्लेक्सबद्दल सांगितलं, आणि ज्या औषधदुकानातून ते यायचं तिथली चिठ्ठ्यांची यादी सॉलिसिटरबाईंनी मिळवली होती, ती वाचून दाखवली.

महिन्याभराने पत्र आलं. बंदी असलेलं काही दिल्याचा पुरावा नाही. मात्र नोंदी ढिसाळ ठेवल्याबद्दल आणि संशयाला जागा असताना वर न कळवल्याबद्दल ताशेरे. नोंदणी वाचली. यांनी पत्र वाचून माझ्या हातात दिलं आणि ताशेऱ्यांवर बोट ठेवून म्हणाले, हे बरोबर आहे त्यांचं. मी अजून विचारायला हवं होतं.

आम्ही स्वयंपाकघरात होतो. लेक वर होती. मला आता राहवेना.

“ती टीप राहिली नव्हती,” मी म्हटलं. “मी घातली नाही.”

“माहीत आहे.”

“मला वाटलं होतं, तुम्हीही दिलं असेल.”

यांनी पत्राची घडी घातली आणि पाकिटात ठेवली. मग म्हणाले, “रविवारी तू आंघोळीला गेली होतीस ना, तेव्हा मी ती पानं वाचली होती.”

म्हणजे फॅक्स जायच्या आधीच यांना ठाऊक होतं. माझं पेन तिथेच पडलेलं होतं. मी विचारलं, “मग तुम्हीच का नाही लिहिलीत?”

“मी लिहून काय उपयोग? मी काय म्हणतो ते सगळ्यांना माहीतच होतं. मला तुझं बघायचं होतं. तीनदा येऊन विचारलं, झालं का म्हणून. म्हटलं, घालेल अजून.”

पहिल्या दोन वेळा मी ‘नाही अजून’ म्हणाले होते. तिसऱ्या वेळी मान वर न करता म्हणाले होते, झालं.