दिवा बाहेर ठेवा

बंद खोलीवर आमच्या थोरल्या साडूंइतका अविश्वास असणारा माणूस उभ्या पुण्यात सापडणार नाही. कर्वेनगरला आमच्याकडे आले की चपला काढण्याआधी खिडक्या उघडतात. मग ऐन थंडीत आम्ही कुडकुडत बसलो तरी त्यांना त्याचे काही नाही. त्यांची हयात मोठाल्या बॅटऱ्या बसवण्यात गेली आणि निवृत्तीनंतरही वारज्याच्या एका इस्पितळात ते कंत्राटावर तेच करतात. वीज गेली की ऑपरेशनच्या खोलीतले दिवे ज्यांच्यावर चालतात ते गुडघाभर उंचीचे, शिशाने आणि अ‍ॅसिडने भरलेले सेल त्यांच्या ताब्यात असतात. ती खोली बघायची तर अंगठी, घड्याळ, साखळी दारातच काढून द्यावी लागते; सेलच्या टोकांना धातू टेकला की ठिणगी उडते. माझी अंगठी निघेना, तर त्यांनी साबण लावून काढली आणि म्हणाले, "लग्न टिकेल. बोट टिकलं पाहिजे." अ‍ॅसिड पाण्यात ओतायचे, अ‍ॅसिडवर पाणी कधीही नाही, हा नियम ते सरबतालाही लावतात. आमच्या हिने एकदा लिंबाच्या रसावर पाणी ओतले, तर तो पेला तसाच राहिला.

गेल्या खंडेनवमीला झेंडूच्या माळा धरायला मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून इस्पितळात गेलो होतो. नवे सेल नुकतेच बसवले होते, दोन दिवस त्यांचे पहिले चार्जिंग चालू होते. अशा वेळी सेलमधून जो गॅस निघतो त्याला ठिणगीसुद्धा पुरते. आणि संस्थेच्या सत्तरीतल्या विश्वस्त बाई पेटते निरांजन घेऊन नेमक्या त्या दारात आल्या.

"फुलं वाहा, कुंकू लावा. दिवा बाहेर ठेवा," साडू म्हणाले.

"देवाच्या दिव्याला इथे आजवर कोणी अडवलं नाही. आपलं कंत्राट याच महिन्यात संपतंय ना?"

"संपतंय."

पण किल्ली काही ते खिशातून काढीनात. हे काम सुटले तर हा माणूस घरी बसून महिन्याभरात खंगेल, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. बाईंना वाटले असावे, माणूस उद्धट आहे. मग ते खाली बघत म्हणाले, "पंचवीस वर्षांपूर्वी, अशाच खंडेनवमीला, चार्जिंग चालू असताना दिवा मीच लावला होता. मोठ्या भक्तीनं. सेल फुटला. माझा मित्र त्यावर वाकून काम करत होता, त्याचे दोन्ही डोळे गेले. खडकीला राहतो. दर रविवारी मी त्याला पेपर वाचून दाखवतो."

बाईंनी निरांजन नर्सच्या हाती देऊन अंगणात पाठवले. मग हातातल्या सोन्याच्या बांगड्या एकेक काढून माझ्याकडे दिल्या आणि नुसती फुले घेऊन आत गेल्या. कंत्राटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

परतताना सिग्नलला मी म्हणालो, "मित्रानं तुम्हाला कधीच माफ केलं असेल."

"त्याला माहीत नाही. माझ्याकडे पाठ होती त्याची. आपल्याच हातून पाना निसटला आणि ठिणगी उडाली, असं समजतो तो. बायकोची अजून माफी मागतो."

सिग्नल सुटला तरी ते हलेनात. मागच्या रिक्षावाल्याने पुणेरी शब्दांत त्यांच्या झोपेची चौकशी केली, तेव्हा कुठे स्कूटर निघाली. मला घराशी सोडून, वर न येता, ते तसेच खडकीला गेले.

तिथे काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. मेहुणीकडून कळले, की पुढचे तीन रविवार मित्राने दार उघडले नाही. चौथ्या रविवारी उघडले, पण आत ये असे काही म्हणाला नाही. साडूंचा मला अभिमान वाटतो आणि फार वाईटही वाटते. ते अजून जातात आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून सगळा पेपर वाचतात.